कधीच न चुकलेले साहेब

आमच्या साहेबांच्या हातून उभ्या नोकरीत एकही चूक झाली नाही. हे मी म्हणत नाही, ते म्हणायचे. निरोप समारंभातही माईक हातात घेऊन म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपल्याशिवाय वडे येणार नव्हते, दुसरं काय करणार?

मी नाशिकला एका सरकारी कार्यालयात आरेखक आहे. नकाशे काढते. पूर्वी टेबलावर वाकून शाईनं काढायचे, आता खुर्चीत बसून संगणकावर काढते. पाठ तेव्हाही दुखायची, आताही दुखते. साहेब आमच्या विभागाचे प्रमुख होते. कुठल्या जमिनीवर शेती, कुठं वस्ती, कुठं कारखाना आणि कुठं नुसतं गवत हे त्यांनी ठरवायचं, आणि आम्ही त्याप्रमाणे रंग भरायचे. शेतीला हिरवा, वस्तीला पिवळा, पडीकाला राखाडी. ऐकायला एवढंसं काम. पण त्या रंगांवर लोकांची चूल पेटते किंवा विझते, हे त्यांच्या टाळक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही.

दिसायला माणूस मोठा टापटीप. अंगानं काटकुळा, शर्ट बारा महिने पांढरा, खिशाला चार रंगांची पेनं. बुटांचं तर विचारूच नका. टेबलाच्या वरच्या खणात कामाचा कागद सापडेलच याची खात्री नाही, पण बूट पुसायचं पिवळं फडकं हमखास. दिवसातून अनेकदा ते फडकं बाहेर निघायचं. बरं, धूळ लागणार कुठून? साहेब घरून निघाले की गाडीत, गाडीतून उतरले की लिफ्टमध्ये, लिफ्टमधून खुर्चीत. जमिनीचे साहेब, पण जमिनीला पाय लागू देतील तर शपथ.

त्यांची खरी खोड मात्र वेगळीच होती. चूक सापडली की ते ती कबूल करत नसत, तिला नाव देत. "तो वेगळा प्रकार आहे," असं म्हणत आणि मोकळे होत. पडलं तरी नाक वर म्हणतात ना, तसलं नाक मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही.

एकदा दुपारी डबा खाताना कुणीतरी मिठाची डबी साखरेशेजारी ठेवली. साहेबांनी स्वतःच्या हातानं चहात चमचाभर मीठ घातलं, ढवळलं आणि घोट घेतला. आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय. त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, पण कप खाली ठेवला नाही. सगळा चहा संपवला आणि म्हणाले, "खारा चहा. उत्तरेकडे डोंगराळ भागात पितात. तो वेगळा प्रकार आहे. घशाला उत्तम." झालं! शिपायाला तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवसापासून तो साहेबांसाठी खास खारा चहा आणायला लागला. साहेब आठवडाभर नाक न मुरडता प्याले. शेवटी आम्हालाच दया आली, नाहीतर रक्तदाबानं गेले असते बिचारे. पण मला साखरेचा द्या, असं काही म्हणाले नाहीत.

एकदा ओझरला मीटिंग होती. त्या दिवशी गाडी बिघडली म्हणून एसटीनं निघाले, बसमध्ये डोळा लागला आणि जाग आली ती मनमाडला. तिकडून फोन केला. मला वाटलं, आता तरी म्हणतील की बाबा रे, झोप लागली. छे! "मी मनमाडला पाहणीसाठी आलो आहे. जंक्शनच्या आसपासचा जमीनवापर बघायचा राहिला होता." नुसतं बोलून थांबले नाहीत. परत आल्यावर मनमाडवर लांबलचक अहवाल लिहिला, मला त्यासाठी नकाशा काढायला लावला आणि तो अहवाल कुणीही मागितलेला नसताना वर पाठवून दिला. ओझरवाले संध्याकाळपर्यंत वाट बघत बसले होते.

देवळाली कॅम्पातली गोष्ट तर ऐकण्यासारखी. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न तिथं एका हॉलमध्ये होतं. साहेब शेजारच्या हॉलमध्ये घुसले. कुठल्यातरी फौजी घरातलं लग्न, मंडळी सगळी पंजाबी. साहेबांनी आहेराचं पाकीट दिलं, नवरानवरीच्या डोक्यावर हात ठेवला, छोले खाल्ले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सहकारी म्हणाला, "साहेब, तुमची फार वाट बघितली." त्यावर साहेब काय म्हणाले असतील? "काही समारंभांना माणूस देहानं हजर असतो, काहींना मनानं. तुमच्याकडे मी दुसऱ्या प्रकारात होतो."

हसायला बरं वाटतं. आम्हीही हसायचो. पण हीच खोड कामात उतरली की हसू यायचं बंद व्हायचं. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात कुठला रंग कशाचा हे सांगणारी सूची असते. दुसऱ्या कार्यालयांत ती तळहाताएवढी, आमची मात्र हनुमानाच्या शेपटीसारखी वाढत जाणारी. कारण तिच्यातली निम्मी नावं म्हणजे साहेबांच्या जुन्या चुका. कुणाची विहीर रस्त्याच्या मधोमध दाखवली गेली, तर ती खोडायची नाही. सूचीत 'मार्गस्थ जलस्रोत' अशी ओळ वाढवायची. स्मशानाला बागेचा रंग गेला, तर 'शांत हरित क्षेत्र'. आता कुणी त्या क्षेत्रात फिरायला गेलं तर काय बघेल, हा विचार आम्ही करायचा.

आणि जागेवर जाऊन बघायचं नाव नाही. "जवळून पाहिलं की माणूस भुलतो, मॅडम. जमीन वरून बघावी," असं ते मला समजवायचे. म्हणजे उपग्रहाचा फोटो. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले, पण यांचा उंट तर थेट आभाळातच उभा.

आता खोऱ्याकडे येते, कारण साहेबांची आठवण आली की मला ते खोरंच डोळ्यांपुढे येतं आणि डोकं तापतं.

नाशिकच्या पश्चिमेला धरणाच्या वर, डोंगर सुरू होतात तिथं आमच्या छोट्या नदीचं खोरं आहे. आमच्या म्हणजे माझ्या मामाकडच्या. खाली द्राक्षबागा आणि वायनरी. धरणाच्या पाण्याला लागून रिसॉर्टं. मुंबईचे लोक शनिवारी येतात आणि सोमवारी प्लास्टिक ठेवून जातात. त्याच्या वर टोमॅटोची गावं. आणि सगळ्यात वर, जिथं एसटी जायची म्हटली तरी खाकरत जाते, तिथं वरची वाडी. उतारावर पायऱ्यांसारखी भाताची खाचरं, त्याच्याही वर नागली आणि वरई. पाऊस पडला की हिरवंगार, आणि उन्हाळ्यात बघाल तर तपकिरी माती आणि धोंडे. आई लवकर गेली म्हणून माझी शाळा होईपर्यंत मी त्या वाडीत मामीच्या हाताखाली वाढले. मामा आता नाही. मामेभाऊ सातपूरला कंपनीत आहे. मामी एकटी खाचरं करते, कुणी नको म्हटलं की भांडते.

हे खोरं सरकारनं संरक्षित जाहीर केलं. शहराचं पाणी तिथून येतं, पक्षी येतात, डोंगर आहेत. राखायलाच पाहिजे, माझं काही म्हणणं नाही. मग खोऱ्यातल्या इंच न् इंच जमिनीला रंग ठरवायचं काम आमच्याकडे, म्हणजे साहेबांकडे आलं. ज्या जमिनीला पडीकाचा राखाडी रंग लागेल तिथं कुंपण घालायचं, खड्डे घेऊन झाडं लावायची आणि नांगर कायमचा बंद. वाडीतली निम्मी जमीन कसणाऱ्यांच्या नावावर कधी झालीच नाही. आजोबा-पणजोबांपासूनची वहिवाट, एवढाच त्यांचा आधार. नकाशात शेती दिसली तर शेती, नाही दिसली तर गेली.

साहेबांनी फोटो निवडला मे महिन्याचा. का, तर पावसाळ्यात ढग असतात. मी पहिला कच्चा नकाशा पडद्यावर उघडला. धरणाच्या काठी रिसॉर्टाचं लॉन होतं, त्याला गर्द हिरवा रंग, 'उत्तम हरित आच्छादन'. आणि वरची वाडी सगळी राखाडी. मामीच्या खाचरांसकट.

मी तशीच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, हा हिरवा चौकोन लॉन आहे. तिथं लग्नं लागतात. डीजे वाजतो."

"लॉन म्हणजे गवतच ना, मॅडम?"

"आणि वरची वाडी पडीक कशी काय?"

त्यांनी पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं. "हे काळे डाग दिसतात? उघडा पडलेला कातळ. माती वाहून गेलेली. जमिनीचा ऱ्हास झाल्याची खूण."

"अहो साहेब, ते राब आहेत!"

राब म्हणजे काय ते आमच्या पश्चिम पट्ट्यातलं शेंबडं पोरही सांगेल. खाचराच्या एका कोपऱ्यात भाताची रोपं करायची असतात. तिथं उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, काटक्या, गवत पसरायचं, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवून द्यायचं. धुमसत धुमसत जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राखेत रोपं जोमानं येतात. म्हणून मे महिन्यात आमचे डोंगर वरून बघितले तर ठिपक्याठिपक्यांचे काळे दिसतात. ते काळं म्हणजेच तिथं शेती असल्याची खूण. आणि हा गृहस्थ त्यालाच ऱ्हास म्हणत होता!

मी हे सगळं सांगितलं. हात नाचवून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, बुटावरून फडकं फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिथल्या आहात. तुमचे हितसंबंध आहेत, म्हणून तुम्हाला तिथं शेत दिसतं. माझे कुणी तिथं नाही, म्हणून मला कातळ दिसतो."

गाढवापुढं गीता वाचली तर निदान गाढव कान तरी हलवतं. मी बाहेर आले आणि मामीला फोन लावला.

"मामी, तुझी खाचरं पडीक दाखवलीत."

"कुनी गं?"

"आमच्या साहेबांनी."

"त्यो आलता का हितं?"

"नाही."

"मंग त्याला कसं कळलं?"

"वरून बघितलं."

"वरून? इमानातून?" मामीनं विचारलं. मग म्हणाली, "मला जरा खाली उतरून ये म्हनावं."

कच्च्या नकाशावर लोकांनी घेतलेल्या हरकती ऐकायला जागेवर जावं लागतं असा नियम आहे, म्हणून साहेबांना जावंच लागलं. मेचा महिना. वाडीच्या शाळेच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली. आमच्या ड्रायव्हर रामनाथभाऊंनी, साहेबांच्या हुकमावरून, गाडी पार ओट्याला चिकटवून उभी केली. साहेब गाडीतून थेट सतरंजीवर. एका वाक्याआड "तुमच्या भावना मी समजू शकतो" म्हणत होते. लोक हात जोडून बोलत होते, कुणी रडवेलं होऊन बोलत होतं, आणि साहेब मान डोलवत होते.

मग मामी उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "साहेब, तुमी म्हनता हितं खडक हाय. चला, दावा आमाला, कुठं हाय. आमाला आजवर घावला नाय."

लोक हसले. साहेबांना ते हसू झोंबलं असावं. कधीच न चुकलेल्या माणसाला दाखवायला काय हरकत? उठले आणि निघाले. पुढं साहेब, मागं मी, मामी, रामनाथभाऊ आणि सगळी वाडी. बांधावरून चालताना ते मांजरीसारखे पाय उचलत होते, बुटाला माती लागू नये म्हणून. मामीच्या खाचराशी आल्यावर थांबले. समोरच काळा, सपाट तुकडा. साहेबांचा चेहरा उजळला.

"हा बघा. कातळ."

"आवं साहेब, नगा जाऊ, कालच भाजलंया!" मामी ओरडली.

"कातळ भाजत नसतो, आजी," साहेब म्हणाले आणि त्यांनी पाय टाकला.

भाजलेला राब वरून थंड दिसतो, आत फुफाटा असतो. साहेबांचा बूट घोट्यापर्यंत आत गेला. कुणीही माणूस असता तर ओरडून मागं उडी मारली असती. बांध हातभर मागंच होता. पण मागं फिरणं म्हणजे चुकलो म्हणणं. साहेब पुढंच गेले! देवाशप्पथ सांगते, तो माणूस दातओठ खात त्या निखाऱ्यांतून पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला. शेवटची काही पावलं तर नाचतच गेला. रबर जळाल्याचा वास सुटला. पोरं खिदळायला लागली, बायांनी पदर तोंडात धरले. मामी मात्र हसली नाही. धावत जाऊन कळशी घेऊन आली, बूट ओढून काढले आणि पायांवर पाणी ओतलं. "काय बाई हा मानूस," म्हणत होती आणि ओतत होती.

साहेब बांधावर बसले होते, पाय मामीनं आणलेल्या घमेल्यात. तळवे लालबुंद झालेले. आणि काय म्हणाले असतील? "मला पृष्ठभागाचं तापमान तपासायचं होतं."

रामनाथभाऊ तोंड फिरवून डोंगर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

परत येताना गाडीत साहेबांच्या पायाला कोरफड बांधलेली. धरणाची भिंत आली तेव्हा ते एकदम म्हणाले, "मॅडम, सूचीत एक ओळ वाढवा. 'दग्ध-कृषी वापर'. काळा रंग. या वर्गात शेती चालू ठेवायला परवानगी."

मला तर गाडी थांबवून त्या भाजलेल्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. मी मामीला फोन केला, वाडीत गुळखोबरं वाटलं गेलं. त्या एका संध्याकाळी मी साहेबांबद्दल चांगलं बोलले, ते शेवटचंच.

कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी अट लिहून दिली. नवा वर्ग आहे, त्याला पुरावा पाहिजे. दर वर्षी मे महिन्याच्या फोटोत ज्या तुकड्यावर काळं दिसेल तोच दग्ध-कृषी. ज्याच्यावर दिसणार नाही तो पडीक, राखाडी.

"साहेब, राब कोपऱ्यात भाजतात," मी म्हटलं. "एका राबाच्या रोपांवर चार खाचरं लावतात. बाकीची खाचरं मे महिन्यात नुसती माती असतात. आणि एखाद्या वर्षी नाहीच भाजलं तर? जमिनीला विसावा दिला तर? कुणी आजारी पडलं तर?"

"मग ती दग्ध नाही."

"अहो, मग सरळ शेतीच लिहा ना! हिरवा रंग द्या, विषय संपला."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखे. मग हळू आवाजात म्हणाले, "हिरवा दिला, तर आधी राखाडी का दिला होता असं कुणीतरी विचारेल."

बस. एवढ्यासाठी. या एका माणसाला 'माझं चुकलं' असे दोन शब्द जड झाले म्हणून एका अख्ख्या वाडीच्या मानेवर दर उन्हाळ्याला जोखड बसलं. मी त्या दिवशी केबिनमध्ये आवाज चढवला, मला मेमो मिळाला, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पुढं काय झालं ते ऐका. पहिल्या वर्षी ज्यांनी नेहमीसारखा एकाच कोपऱ्यात राब भाजला, त्यांची बाकीची खाचरं राखाडी झाली. कुंपणवाले खांब घेऊन आले. मग वाडीनं धडा घेतला. आता प्रत्येक खाचरात भाजतात. जिथं रोपं करायची नाहीत तिथंही भाजतात. नागलीच्या उतारावर भाजतात. गरज नसताना भाजतात. पालापाचोळा पुरेना, म्हणून ऐनाच्या झाडांचे पार खराटे करून टाकलेत. संरक्षित खोरं म्हणे! कुणीतरी जुने टायर आणले, त्यानं झकास काळं होतं असा शोध लागला. धूर खाली रिसॉर्टाकडे गेला, लॉनवर लग्नातल्या लोकांना खोकला आला, तक्रार झाली. मग धूर करू नये अशी नोटीस वाडीला आली. काळं तर दिसलं पाहिजे आणि धूर तर निघता कामा नये. आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच.

आणि साहेब? साहेब निवृत्त झाले. गंगापूर रोडला फ्लॅट आहे, रविवारी मिसळ खातात आणि भाषणं देतात. विषय काय, तर 'पारंपरिक दग्ध-कृषी आणि तिचं संवर्धन'. मी एकदा मुद्दाम जाऊन शेवटच्या रांगेत बसले. म्हणत होते, "हा शेतीप्रकार कागदावर कुठंच नव्हता. मी तो प्रत्यक्ष पायी जाऊन शोधला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथं वडेही नव्हते, तरी वाजवल्या! बाहेर गाठ पडली तेव्हा मला ओळखलं, हसले, म्हणाले, "कसं आहे आपलं खोरं?" आपलं! माझ्या जिभेवर काय काय आलं, पण शेजारी त्यांची बायको उभी होती, आणि ती बाई त्यांच्याबरोबर जन्म काढतेय हे आठवून मी गिळून टाकलं.

नव्या साहेबांना मी कितीदा सांगितलं. ते चांगले आहेत, ऐकून घेतात. म्हणतात, "वर्ग बदलायचा तर सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून. आणि चालू आहे ना? मग कशाला हात लावायचा?" चालू आहे, खरंय. वाडी चालवतेय.

यंदा मे महिन्यातच पाऊस आला. अवकाळी, गारांसकट. दुसऱ्या दिवशी मामीचा फोन.

"राख व्हाऊन गेली गं समदी. खाचरं तांबडी झाली. फोटू काढला का त्यांनी?"

"माहीत नाही, मामी."

"तुज्याच हापिसात हाय ना?"

"फोटो वरून येतो. कधी काढतात ते आम्हालाही कळत नाही."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं ते 'बरं' मला ठीक वाटलं नाही. मी रजा टाकली आणि मिळेल त्या गाडीनं वाडी गाठली.

रान सगळं ओलं. पेटवायला वाळकं पान मिळायचं नाही. मामी अंगणात होती, हात कोपरापर्यंत काळे. आणि घराची पडवी बोडकी. वरचं शाकारलेलं, आतून कोरडं राहिलेलं सगळं गवत तिनं ओढून काढलं होतं आणि खाचरात नेऊन जाळलं होतं. निम्मं खाचर काळं झालं होतं, निम्मं तसंच तांबडं. पावसाळा तोंडावर आलेला, आणि ही बाई स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर काढून आभाळाला दाखवत होती की बाबा रे, मी इथं शेती करते! मला रडू फुटलं आणि रागही इतका आला की दिसेना. मी तिथंच अंगणात उभी राहून आमच्या जुन्या साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. पाऊस, राख, पडवी, सगळं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "अरे वा," म्हणाले. "म्हणजे दग्ध, पण नंतर धुतलेली. हा वेगळा प्रकार झाला, मॅडम. मी असतो तर एक उपवर्ग केला असता."

मी फोन बंद केला.

"काय म्हनाला साहेब?" मामीनं विचारलं.

"काही नाही म्हणाला."

मामीनं मान हलवली. उरलेल्या तांबड्या खाचराकडे एकदा बघितलं. मग पडवीला टेकवलेली शिडी उचलली आणि गोठ्याकडे निघाली.

"मामी, अगं गोठ्याचं नको! गुरं भिजतील."

"गुरं भिजून वाळत्यात," ती म्हणाली. तिनं शिडी भिंतीला लावली, एक पाय वर टाकला. गुडघ्यानं दगा दिला, तशी तिनं खांबाला धरलं आणि मागं वळून माझ्याकडे बघितलं. "उभी काय ऱ्हायली? धर की खालून. मी वरून टाकते."

मी शिडी धरली.